छापा, काटा आणि प्रकाशाचे दोन कण

दिवेलागणीच्या सुमाराला मुरबाडहून टोकावड्याकडे येणाऱ्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, की एक गंमत हमखास बघायला मिळते. गार वारा लागतो म्हणून काच ओढून घ्यायची. आत दिवे लागलेले असतात, बाहेर अंधारून येत असतं. आता काचेतून बघा. भाताची खाचरं दिसतात, पलीकडे सह्याद्रीची काळसर रांग दिसते, आणि त्या रांगेवर आपलाच चेहरा! एकच काच खिडकीचंही काम करते आणि आरशाचंही.

"त्यात काय एवढं?" असं म्हणालात ना? म्हणा, म्हणा. पण या काचेपुढे न्यूटनसारखा माणूसही अडखळला होता. थोडा प्रकाश काचेतून पार जातो आणि थोडा परत फिरतो, तर कुठल्या प्रकाशाने पार जायचं आणि कुठल्याने परतायचं हे ठरवतं कोण? प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या मागे लागत लागत माणूस अशा एका ठिकाणी पोचला, जिथे प्रकाशाचे दोन कण साध्या हिशेबाला चक्क धाब्यावर बसवतात. आपणही तिथपर्यंत जाऊ या. सोबत दोन नाणी घ्या, लागतील.

शंभरातले आठ कोणते?

प्रकाश कणाकणांनी येतो. या कणांना फोटॉन म्हणतात. घरातला साधा एलईडी दिवा एका सेकंदात इतके फोटॉन बाहेर टाकतो, की अब्जाला अब्जाने गुणलं तरी तो आकडा अपुरा पडावा. म्हणून आपल्याला कण वेगवेगळे जाणवत नाहीत, नुसता उजेड दिसतो.

आता काचेवर समोरून १०० फोटॉन आले असं समजा. साधारण ९२ पार जातात आणि ८ परत फिरतात: चार काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून, चार मागच्या. दिवसा बाहेरचा उजेड एवढा असतो, की या परतलेल्या आठांकडे आपलं लक्षच जात नाही. बाहेर अंधारलं की तेच आठ आपला चेहरा दाखवतात.

पण हे आठ कोणते? परतणारे फोटॉन जरा जाड असतात का? हळू चालतात का? नाही. शंभरच्या शंभर अगदी सारखे असतात. एखादा फोटॉन काचेकडे निघाला असताना तो पार जाणार की परतणार, हे जगातला कुठलाही शास्त्रज्ञ आधी सांगू शकत नाही. आपली यंत्रं कमी पडतात म्हणून असं होत नाही. निसर्गच एवढंच सांगतो: पार जाण्याची शक्यता अमुक, परतण्याची तमुक.

प्रयोगशाळेत काचेवर पातळ लेप देऊन असा आरसा बनवतात, की निम्मे फोटॉन पार जातील आणि निम्मे परततील. त्याला आपण 'अर्धा आरसा' म्हणू. एकेक फोटॉन सोडत गेलं की खेळ छापा-काट्याचाच. छापा म्हणजे पार, काटा म्हणजे परत.

आता नाणी काढा

अर्धा आरसा मधोमध उभा आहे. एक फोटॉन डावीकडून येतोय, दुसरा उजवीकडून, आणि दोघं आरशावर एकाच क्षणी पोचणार आहेत. आरशाच्या दोन्ही बाजूंना एकेक मोजणी यंत्र ठेवलंय. फोटॉन आला की ते 'टिक' करतं.

नीट विचार करा. डावा फोटॉन पार गेला तर उजव्या बाजूच्या यंत्रात जाईल, परतला तर डावीकडेच राहील. उजव्याचं याच्या उलट. मग चार गोष्टी घडू शकतात:

१. दोघेही पार गेले. दोन्ही यंत्रांत एकेक टिक.
२. दोघेही परतले. तरीही दोन्ही यंत्रांत एकेक टिक.
३. डावा पार गेला, उजवा परतला. दोघेही उजवीकडे.
४. डावा परतला, उजवा पार गेला. दोघेही डावीकडे.

तुमच्या दोन नाण्यांनी हाच खेळ खेळा. दोन्ही एकदम उडवा. दोन्हींवर छापा किंवा दोन्हींवर काटा आला, तर फोटॉन 'वेगवेगळे' गेले असं लिहा. एकावर छापा आणि दुसऱ्यावर काटा आला, तर 'एकत्र' असं लिहा. चाळीस वेळा उडवलीत तर साधारण वीसदा 'वेगवेगळे' येईल. अठराही येईल, बावीसही येईल, पण निम्म्याच्या आसपास. उद्या वर्गात सगळ्यांनी मिळून चारशे-पाचशे वेळा उडवली, तर हे प्रमाण निम्म्याच्या आणखी जवळ सरकेल.

हा झाला नाण्यांचा हिशेब. फोटॉनांना तो मान्य आहे का?

रॉचेस्टरमधला खळगा

१९८७ साल. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात चुंग की हाँग, झे-यू ओउ आणि लिओनार्ड मँडेल या तिघांनी हाच प्रयोग खऱ्या फोटॉनांवर केला.

पहिली अडचण अशी, की अगदी एकसारखे आणि एकाच क्षणी निघालेले दोन फोटॉन आणायचे कुठून? त्यासाठी त्यांनी एक स्फटिक वापरला. त्याचं नाव पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. नाव ऐकून घाबरू नका. भेंडीवर फवारायला कृषी केंद्रातून ०-५२-३४ नावाचं विद्राव्य खत आणतात ना, ते रासायनिकदृष्ट्या हेच! फरक इतकाच, की प्रयोगशाळेत याच पदार्थाचा अत्यंत शुद्ध, पाण्यासारखा स्वच्छ, मोठा स्फटिक वाढवलेला असतो.

या स्फटिकात त्यांनी अतिनील लेझरचा झोत सोडला. बहुतेक सगळे फोटॉन सरळ आरपार जातात. पण कोट्यवधींतून एखाद्या फोटॉनचे स्फटिकात दोन फोटॉन होतात. ऊर्जा कुठे हरवत नाही, दोघांत वाटली जाते. समसमान वाटली गेली, तर प्रत्येकाकडे निम्मी ऊर्जा येते आणि तरंगलांबी दुप्पट होते. मूळ फोटॉनची तरंगलांबी ३५१ नॅनोमीटर होती, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अतिनील. झालेले दोघं ७०२ नॅनोमीटरचे, म्हणजे गडद लाल. रंग एक, जन्माची वेळ एक.

मग या दोघांना आरशांनी वळवून दोन बाजूंनी अर्ध्या आरशावर आणलं. पलीकडे दोन मोजणी यंत्रं होतीच. दोन्हीकडे एकाच वेळी टिक झाली, तरच ती नोंद धरायची. म्हणजे आपल्या वहीतलं 'वेगवेगळे' तेवढं मोजायचं.

शेवटची करामत अर्धा आरसा किंचित किंचित सरकवण्याची. आरसा सरकला की एका फोटॉनची वाट केसभर लांबते, दुसऱ्याची आखूड होते. दोघं पुढेमागे पोचत होते तेव्हा नोंदी नेहमीसारख्या, नाण्यांच्या हिशेबाने येत होत्या. दोन्ही वाटा सारख्या होत आल्या, तशा नोंदी घटू लागल्या. वाटा अगदी समान झाल्या तेव्हा नोंदी जवळजवळ थांबल्याच! आरसा आणखी पुढे सरकवला, तशा त्या पुन्हा वाढून पूर्ववत झाल्या. आलेख काढला तर सपाट रेषेच्या मधोमध एक खोल, अरुंद खळगा.

याचा अर्थ काय? दोन एकसारखे फोटॉन एकाच क्षणी अर्ध्या आरशावर आले, तर ते वेगवेगळ्या बाजूंना जातच नाहीत. दोघं मिळून डावीकडे जातात किंवा दोघं मिळून उजवीकडे. कुठल्या बाजूला, ते मात्र दैवाधीन. पण जातील जोडीनेच. नाण्यांनी चाळीसात वीसदा दिलं असतं, तिथे फोटॉन देतात जवळपास शून्य.

यालाच आज 'हाँग-ओउ-मँडेल परिणाम' म्हणतात. तिघांना खरं तर दोन फोटॉनांमधलं वेळेचं अंतर मोजायचं होतं, आणि तेही त्यांनी मोजलं: सुमारे १०० फेम्टोसेकंद. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतो, पण १०० फेम्टोसेकंदांत तोही ०.०३ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरेल.

बाणांचा हिशेब

कोणीतरी नक्की म्हणेल, "फोटॉन एकमेकांना ढकलत असतील किंवा ओढत असतील!" शंका चांगली आहे, पण उत्तर नाही असंच आहे. हे दोन फोटॉन एकमेकांना हातही लावत नाहीत. टॉर्चचे दोन झोत एकमेकांवर आडवे सोडून बघा. दोन्ही काहीच न झाल्यासारखे आरपार जातात.

मग? पावसाळ्यात एसटी स्टँडच्या डबक्यावर डिझेलचा थेंब पसरलेला पाहिलाय? त्यावर जांभळे, हिरवे, तांबूस पट्टे उमटतात. तेलाच्या पातळ थराच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परततो, खालच्या पृष्ठभागावरून थोडा. प्रकाश कणांनी येतो खरा, पण चालतो लहरींच्या नियमाने. दोन्हीकडून परतलेल्या लहरी एकत्र येतात. उंचवट्याला उंचवटा मिळाला की तो रंग उजळतो, उंचवट्याला खोलगट भाग मिळाला की तो रंग मरतो. याला व्यतिकरण म्हणतात.

आपल्या दोन फोटॉनांच्या बाबतीतही व्यतिकरणच होतं. पण इथे फोटॉन एकमेकांना खोडत नाहीत. घटना घडण्याच्या दोन वाटा एकमेकींना खोडतात. कसं ते बघू. थोडं गणित आहे, पण वर्ग करता येणाऱ्याला जमेल एवढंच.

अतिसूक्ष्म कणांचे नियम सांगणारी क्वांटम भौतिकी प्रत्येक वाटेला एक बाण देते. बाणाला लांबी असते आणि दिशा असते. बाणाच्या लांबीचा वर्ग केला की त्या वाटेची शक्यता मिळते. अर्ध्या आरशापाशी एका फोटॉनच्या बाणाची लांबी असते ०.७०७, कारण तिचा वर्ग होतो ०.५, म्हणजे निम्मी शक्यता. दोन फोटॉनांच्या एकत्रित घटनेसाठी दोन्ही बाण गुणायचे: ०.७०७ गुणिले ०.७०७, म्हणजे ०.५.

आणखी एक नियम. फोटॉन आरशाच्या लेपाच्या एका बाजूने परतला तर बाण होता तसाच राहतो, दुसऱ्या बाजूने परतला तर उलटा होतो. हा नियम कुणी मनाने केलेला नाही. तो नसता, तर आत गेलेल्या प्रकाशाचा आणि बाहेर पडलेल्या प्रकाशाचा हिशेबच जुळला नसता.

आता यादीतली पहिली वाट घ्या: दोघेही पार. बाण ०.५ लांबीचा, समजा वर रोखलेला. दुसरी वाट: दोघेही परत. एक जण लेपाच्या या बाजूने परतला, दुसरा त्या बाजूने, म्हणजे एकदाच उलट. बाण ०.५ लांबीचाच, पण खाली रोखलेला.

या दोन्ही वाटांचा शेवट एकच: दोन्ही यंत्रांत एकेक टिक. उजव्या यंत्रात आलेला फोटॉन मूळचा डावा की मूळचा उजवा? सांगता येतं का? नाही. दोघंही लाल, दोघंही एका क्षणी आलेले, अंगावर नाव कुणाच्याच नाही. शेवट एकच आणि कुठल्या वाटेने तिथे पोचलो हे कशावरूनच कळत नसेल, तर आधी बाणांची बेरीज करायची आणि मग वर्ग. वरचा अर्धा अधिक खालचा अर्धा बरोबर शून्य. शून्याचा वर्ग शून्य. म्हणून टिक-टिक एकदम होतच नाही! उरलेल्या सगळ्या शक्यता 'एकत्र' जाण्याच्या पदरात पडतात.

आणि वाट ओळखता आली असती तर? मग प्रत्येक बाणाचा वर्ग आधी करायचा आणि बेरीज नंतर. ०.५ चा वर्ग ०.२५. दोन्ही मिळून ०.५. म्हणजे निम्म्या वेळा 'वेगवेगळे'. अगदी नाण्यांसारखं! नाण्यांची बेरीज चुकीची नव्हती. दोन नाणी कितीही सारखी दिसली, तरी एखादा चरा, एखादा डाग, निदान हवेत उडताना तिची वेगळी जागा, काहीतरी असतंच. हे नाणं कुठलं, ते सांगता येतं. फोटॉनांचं सांगता येत नाही. सगळा फरक एवढाच.

खूण पटली की खेळ बंद

मग फोटॉनाला मुद्दाम खूण केली तर? शास्त्रज्ञांनी तेही करून पाहिलंय. एकाला किंचित उशिरा पोचवलं, की खळगा नाहीसा. एकाचा रंग वेगळा ठेवला, की खळगा नाहीसा. प्रकाशलहर आडवी डोलते किंवा उभी डोलते. एकाचं डोलणं आडवं आणि दुसऱ्याचं उभं केलं, तरी खळगा नाहीसा, आणि मोजणी पुन्हा नाण्यांच्या हिशेबावर.

यातली नवलाची गोष्ट अशी, की ती खूण कुणी बघितली पाहिजे असं मुळीच नाही. प्रयोगशाळेला कुलूप लावून सगळे घरी गेले तरी चालेल. खूण अस्तित्वात आहे, एवढं पुरतं.

याहून नवलाचा प्रयोग चीनमधल्या शास्त्रज्ञांनी केला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी एक फोटॉन घेतला प्रयोगशाळेतल्या क्वांटम डॉटमधून. क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहक पदार्थाचा अतिसूक्ष्म ठिपका. आणि दुसरा फोटॉन घेतला थेट सूर्याचा! तोच सूर्यप्रकाश, ज्यात टोकावड्याच्या अंगणात भात, मिरच्या आणि मोहाची फुलं वाळतात. हा फोटॉन पंधरा कोटी किलोमीटरवरून, आठ मिनिटं वीस सेकंद प्रवास करून आलेला. सूर्यप्रकाशात तर सतराशे साठ रंग असतात, म्हणून गाळण्या लावून नेमका त्याच रंगाचा, त्याच डोलण्याचा, त्याच वेळेला पोचणारा प्रकाश वेगळा काढला. आणि दोघं अर्ध्या आरशावर आल्यावर काय झालं? खळगा दिसला! एकाचा जन्म सूर्यावर, दुसऱ्याचा टेबलावर, तरी एकदा सारखे झाल्यावर दोघांत काडीचाही फरक उरला नाही. फोटॉन कुठून आला याची कसलीही नोंद त्याच्यावर नसते.

बोस, भाभा आणि आकाशातला व्याध

फोटॉनांना वेगवेगळं मोजायचं नाही, हा विचार आपल्याच उपखंडातल्या एका माणसाने पहिल्यांदा मांडला. सत्येंद्रनाथ बोस ढाका विद्यापीठात शिकवत होते. तापलेल्या वस्तूतून कुठल्या रंगाचा प्रकाश किती येतो, याचं प्लांक यांचं १९०० सालचं सूत्र त्यांना नव्या पद्धतीने सिद्ध करायचं होतं. बोस यांनी मोजणीच बदलली. 'हा इकडे, तो तिकडे' आणि 'तो इकडे, हा तिकडे' या दोन गोष्टी नाहीतच, ती एकच गोष्ट आहे, असं धरलं आणि सूत्र बरोबर आलं. जून १९२४ मध्ये त्यांनी हा लेख आइन्स्टाइनना पाठवला. आइन्स्टाइननी स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून तो छापायला दिला. आज फोटॉनांसारख्या कणांच्या सगळ्या कुळाला बोस यांच्यावरून 'बोसॉन' म्हणतात.

दुसरं नाव तुमच्या ओळखीचं आहे. सहावी आणि नववीची मुलं 'होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षे'ला बसतात ना? तेच भाभा. १९०९ साली मुंबईत जन्मलेले होमी भाभा इंग्लंडमध्ये संशोधन करत होते, तेव्हाची गोष्ट. इलेक्ट्रॉन आणि त्याच्याच वजनाचा पण विरुद्ध विद्युतभाराचा पॉझिट्रॉन एकमेकांवर आले तर काय होईल? एक वाट अशी, की दोघं एकमेकांना हिसका देऊन बाजूला होतील. दुसरी अशी, की दोघं नाहीसे होतील आणि त्यांच्या ऊर्जेतून नवा इलेक्ट्रॉन आणि नवा पॉझिट्रॉन जन्मेल. शेवटी हाती येतात एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन. हे जुनेच की नवे? कळायला मार्ग नाही, कारण इलेक्ट्रॉनांवरही नाव लिहिलेलं नसतं. म्हणून दोन्ही वाटांचे बाण आधी एकत्र करायलाच हवेत, हे भाभांनी १९३६ साली गणित करून दाखवलं. याला आज जगभर 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या प्रचंड यंत्रांत किती टकरी होतात हे मोजायला आजही तेच गणित वापरतात. याच भाभांनी पुढे १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. ती आज मुंबईत कुलाब्याला आहे.

तिसरी गोष्ट आकाशातली. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री जेवणं झाली की अंगणात या. टोकावड्याला अंधार चांगला असतो. मृग नक्षत्राच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण शोधा. त्याची रेष खाली वाढवली की एक लखलखीत तारा लागतो. तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तो आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे, त्यामुळे मोठ्या दुर्बिणीतूनही ठिपक्यासारखाच दिसे. मग त्याचा आकार मोजायचा कसा?

रॉबर्ट हॅनबरी ब्राउन यांनी ते केलं. यांचा जन्म १९१६ सालचा, आपल्याच निलगिरीतल्या अरुवंकाडूचा. सहकारी रिचर्ड ट्विस यांच्याबरोबर १९५६ मध्ये त्यांनी दोन सर्चलाइटचे मोठे आरसे व्याधाकडे रोखले. व्याधाच्या एका कडेचा फोटॉन या आरशात आणि दुसऱ्या कडेचा त्या आरशात, की उलट? सांगता येत नाही. पुन्हा दोन वाटा, पुन्हा बाणांची बेरीज! त्यामुळे आरसे जवळ असताना दोन्हीकडे फोटॉन जोडीने येण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा किंचित जास्त भरतं. आरसे दूर नेत गेलं की हा जास्तीचा भाग घटतो. किती अंतरावर किती घटला, यावरून ताऱ्याचा आकार काढता येतो. त्या वेळी कित्येक नामवंत भौतिकशास्त्रज्ञांना हे पटेना. "दोन वेगळ्या फोटॉनांचा एकमेकांशी संबंध कसा असेल?" असं ते विचारत. पण ब्राउन यांनी पुढे ऑस्ट्रेलियातल्या नॅराब्री इथे मोठं उपकरण उभारून ३२ ताऱ्यांची मापं काढली, आणि वाद मिटला.

उपयोग काय?

हा प्रश्न घरी कोणीतरी विचारणारच, म्हणून उत्तर तयार ठेवा.

एकेक फोटॉन सोडणारं नवं उपकरण कोणी बनवलं, की त्याची परीक्षा याच खळग्याने होते. खळगा जितका शून्याजवळ जाईल, तितके फोटॉन एकसारखे. खळगा उथळ राहिला, तर उपकरणात खोट. परीक्षेत इथे शून्य मिळवणाराच पहिला!

अर्ध्या आरशावरच्या दोन फोटॉनांच्या याच भेटीवर क्वांटम टेलिपोर्टेशनचा, म्हणजे एका कणाची अवस्था दुसऱ्या कणावर उतरवण्याचा, १९९७ चा प्रयोग उभा होता. तो करणाऱ्या गटाचे प्रमुख आंतोन त्साइलिंगर यांना २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आणखी दोघांबरोबर विभागून मिळालं. अनेक आरशांच्या जाळ्यातून अनेक फोटॉन सोडून गणना करणारी यंत्रंही बनली आहेत. २०२० मध्ये चीनमधल्या 'ज्योजांग' यंत्राने एका वेळी ७६ फोटॉनांपर्यंत नोंदले.

आपल्याकडेही काम जोरात आहे. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंत त्यासाठी ६,००३ कोटी ६५ लाख रुपये ठेवले आहेत. त्याच्या चार मुख्य केंद्रांपैकी क्वांटम संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. पुण्याला आयसर संस्थेतही क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र चालतं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा संस्थेत क्वांटम संगणकाच्या सुट्या भागांवर संशोधन चालू आहे. ही सगळी ठिकाणं टोकावड्याहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी.

आणि आता तुमचं काम

तुमच्यासाठी त्याहून सोपी सहल सुचवतो. माळशेज घाट चढा, ओतूर मागे टाका, नारायणगावजवळ खोडद गावी या. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशाच्याच जातीच्या, फक्त लांब. या ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीच्या लहरी एकत्र करून आकाशाचं चित्र काढलं जातं. दोन फोटॉनांचा खळगा तिथे दिसणार नाही, पण व्यतिकरणाचा एवढा मोठा कारखाना जवळपास दुसरा नाही. ४३५ हा आकडा कसा आला, तो मात्र तुम्हीच काढा. दोन फोटॉनांच्या चार वाटा मोजता आल्या, तर हेही जमेल.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमाराला, खोडदला मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं, आणि शाळांतली मुलं स्वतः केलेले प्रयोग तिथे मांडतात. आजच सरांना किंवा बाईंना विचारा: आपली शाळा कधी जाणार? आणि जाल तेव्हा दोन नाणी आणि चाळीस नोंदींची ती वही बरोबर न्या. तिथे भेटणाऱ्या शास्त्रज्ञांना ती दाखवून विचारा, "नाण्यांचं निम्मं आलं, मग फोटॉनांचं शून्य का?" उत्तर तुम्हाला आता येतंच. तरीही विचारा, कारण त्यानंतर जे बोलणं सुरू होईल ते कुठल्याच पुस्तकात नसेल.